भीमाच्या गदेतली वाळू

जत्रेच्या दशावतारात दुःशासन होऊन मेला, की सुलभेचा नवरा पुढचे चार दिवस पालथा झोपायचा. पाठ अशी काळीनिळी, की गोठ्यातली म्हैस त्याला आपल्यातलाच समजून हंबरायची!

सुलभेला संशय शांतारामाचा. भीम तोच व्हायचा, आणि पंचायतीच्या निवडणुकीत तिच्या नवऱ्याने त्यालाच तीन मतांनी आपटलं होतं. "राग काढतोय मेला," ती म्हणायची. नवरा नुसता कण्हायचा.

शेवटी यंदा दुपारी, मंडळी जेवायला बसलेली बघून तिने सामानाचा पेटारा उघडला. पूजा केलेला पेटारा तो, आधी हात जोडले. पण गदा उचलायला गेली तर उचलेचना. तिने शिवण उसवली. कापसाच्या जागी गच्च वाळू! शांतारामाच्या सात पिढ्या उद्धरत तिने वाळू फेकली, घरच्या उशीतला कापूस कोंबला आणि गदा होती तशी शिवून ठेवली.

त्या खेळात भीमाने गदा हाणली आणि दुःशासन मरायचंच विसरला. लोक खो खो हसले.

घरी येऊन नवरा ढसाढसा रडला. "माझी वाळू कोणी काढल्यान गो? शांताराम बिचारा हात राखून मारतो. लागल्याशिवाय मला मरता येत नाही, म्हणून मीच भरतो दरवर्षी!"

दहा वर्षं सुलभा त्या पाठीला तेल चोळत आली होती. पुढच्या जत्रेला मात्र वाळू तिने स्वतःच्या हाताने भरली. नेहमीपेक्षा दोन मुठी जास्तच.