एक चमचा यीस्ट

बुख्ती भट्टीतून बाहेर आल्या आणि क्वेताचं तोंडच उतरलं. आलुबुखारचा मुरंबा भरलेले हे गोड पाव एरवी टम्म फुगायचे. आज विटांसारखे बसले होते. तिनं फळीवरची रिकामी बरणी उचलून वास घेतला.

ती तिच्या आंबवणाची बरणी नव्हतीच. नवऱ्याची, ओताकारची होती!

दोन्ही काकडीच्या लोणच्याच्या जुन्या बरण्या, दिसायला अगदी सारख्या. त्याची बरणी कायम थंडगार तळघरात असायची. या आठवड्यात ती वर कशी आली कोण जाणे, आणि तिच्यावरची नावाची चिठ्ठीही निघालेली. बिअरचं यीस्ट ते, थंडीत काम करणारं, गरम कणकेत काय फुगणार! तिनं आपली अशी समजूत घातली.

पण ते यीस्ट साधं नव्हतं. गावची बिअरभट्टी बंद झाली त्या दिवशी ओताकार आणि त्याचा जोडीदार हिनेक यांनी शेवटच्या टाकीतून एकेक बरणी भरून घरी नेली होती. तीस वर्षांच्या नोकरीतलं तेवढंच काय ते उरलेलं. दरवर्षी त्यातूनच ओताकार लागर बिअर करायचा आणि जूनमध्ये बंबवाल्यांच्या जत्रेत बिअरच्या स्पर्धेला पिंप घेऊन जायचा.

दुपारी ओताकारनं चार बुख्ती खाल्ल्या. खसखस कमी पडली तरी तासभर भुणभुण करणारा माणूस!

"मस्त झाल्यात," तो म्हणाला. "गुरुवारी क्लातोवीला जाऊन येतो बहिणीकडे. शनिवारी यीस्ट वाढवायला घेईन."

"बहिणीकडे? तू?"

"का, जाऊ नये?"

त्या यीस्टचं भावंड आता फक्त हिनेककडे होतं. आणि हिनेकशी बोलणं अकरा वर्षं बंद! त्यानं भर दुकानात ओताकारच्या बिअरला उकडलेल्या कोबीचा वास येतो म्हटलं होतं ना. "मरेन, पण त्या गाढवाच्या दारात काही मागायला जाणार नाही," असं ओताकार गेल्याच महिन्यात जेवताना म्हणाला होता, कुणी विचारलं नसताना.

गुरुवारी ती हिनेककडे गेली.

हिनेक खोकला लागेपर्यंत हसला. "म्हणजे अख्खी बिअरभट्टी बुख्तीत गेली!"

"हसू नकोस रे मेल्या! त्याला कळलं तर तो खचेल."

हिनेकचं हसू थांबलं. त्यानं तळघरातून एक छोटी बाटली आणली. तळाशी जेमतेम चमचाभर पांढरा साका होता.

"एवढंच?"

"बाकीचं माझ्या पिंपात गेलं. लागरला ढीगभर यीस्ट लागतं, पण वाढवेल तो. हात चांगला आहे त्याचा." मग घाईघाईनं, "मी म्हटलं म्हणून सांगू नकोस." घरी येऊन क्वेतानं ते ओताकारच्या बरणीत ओतलं आणि बरणी तळघरात ठेवून दिली.

शनिवारी ओताकारनं पेलाभर सातूचा गोड काढा उकळून निववला आणि त्यात ते यीस्ट सोडलं. दोन दिवसांनी तळाशी बोटभर साका. वरचं पाणी ओतून टाकलं, लिटरभर नवा काढा घातला. मग बादलीत पाच लिटर. हवा लागली की यीस्ट वाढतं, म्हणून तो जाता-येता भांडं घोळवायचा. त्याची पाठ वळली की क्वेताही घोळवून यायची. "वाढ रे बाबा, वाढ," असं पुटपुटत.

बाराव्या दिवशी बादलीच्या तळाशी दाट, दुधाळ थर बसला होता.

"पुरलं!" ओताकार ओरडला आणि त्यानं तिच्या पिठानं माखलेल्या गालाचा मुका घेतला. तिला त्याच्याकडे बघवेना.

जूनच्या जत्रेत पहिला नंबर ओताकारचा आला, दुसरा हिनेकचा. हिनेक पेला घेऊन समोर आला. क्वेताला वाटलं, आता हा सगळं बोलणार!

हिनेकनं घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला. "कोबी नाही."

"नाही?"

"अजिबात नाही."

मग ते दोघं एकाच बाकावर बसले आणि अंधार पडेपर्यंत उठलेच नाहीत. क्वेताला इतका आनंद झाला की लबाडी पोटात ठेवणं तिला अशक्य झालं.

घरी आल्या आल्या ती रडू लागली. "ओताकार, ती बिअर हिनेकच्या यीस्टची आहे. तुझं मी बुख्तीत घातलं. चुकून!"

ओताकार खाली वाकून बुटाची नाडी सोडत होता. "माहीत आहे. तीन दिवस बरणी तुझ्या पिठाशेजारी ठेवत होतो, चिठ्ठी काढून. तुझा हातच जाईना तिच्याकडे."

क्वेताचं रडं जागच्या जागी थांबलं. "अरे, पण का?"

"वेडे," तो दुसरा बूट काढत म्हणाला, "हिनेकच्या दारात मी थोडाच जाणार होतो? आणि यीस्ट जिवंत असतं, तर बुख्ती फुगल्या नसत्या का?"