निलेशची झोप

सत्यवतीकाकींनी जायफळ सहाणेवर तीन वेळा फिरवायला सांगितलं होतं. प्राजक्ताने सात वेळा फिरवलं आणि वर आणखी एक वळसा दिला.

गॅसवर नारळाचं दूध कोमट होत होतं. त्यात वाटलेली खसखस, गुळाचा खडा आणि आता हे जायफळ. उपाय शेजारच्या काकींचाच. "गोळ्यांच्या नादाक लागा नको," त्या म्हणाल्या होत्या. "ह्या पोटात गेला की माणूस आपसूक निजता. पण जायफळ बेतान घाल गो. जास्ती झाला तर सकाळपर्यंत उठूचो नाय."

उठू नये, हेच तर प्राजक्ताला हवं होतं.

तिचा नवरा चार महिने धड झोपला नव्हता. श्रावणात आरोंद्याला खाडीच्या तोंडाशी तिच्या धाकट्या भावाची, गुरुप्रसादची होडी उलटली. होडी मिळाली, गुरुप्रसाद मिळाला नाही. भाऊ तिचा गेला आणि झोप उडाली निलेशची. तिला स्वतःला मात्र पाठ टेकली की झोप लागायची. रडूसुद्धा आलं नव्हतं. त्याची तिला मनातून लाज वाटायची.

त्या दिवसांपासून निलेशचं वागणंच बदललं. तिन्हीसांज झाली की दाराला आतून कुलूप, किल्ली लुंगीच्या कनवटीला. अंथरूण दाराला लागून आणि रात्रभर तिचं मनगट त्याच्या हातात. एकटीने माहेरी जाणं बंद. बाजारात गेली तरी तासाला दोन फोन. मागच्या महिन्यात तर घुंगरांचे पैंजण घेऊन आला, लहान पोरींच्या पायात घालतात तसले. वर बजावलं, "रात्रीसुद्धा काढू नको." सहा वर्षांच्या संसारात या माणसाने साधा गजरा आणला नव्हता! कौतुकाने आणले म्हणावं, तर चेहऱ्यावर नुसती धास्ती.

"माझ्यावर संशय आसा तुमचो?" तिने एकदा तोंडावर विचारलं.

"संशय कसलो?" म्हणून तो उठून गेला.

संशय खरं तर तिला यायचा. सकाळी अंथरुणात वाळू सापडायची. बायकोला कुलपात ठेवून हा रात्रीचा माडांपलीकडे किनाऱ्यावर भटकतो की काय? विचारलं तर म्हणायचा, दिवसभर बोटीवर असतंय, येता पायाक. घरात बसून बसून तिचं अंग आंबून गेलं होतं. सकाळी पोटऱ्या अशा भरून यायच्या की उठवत नसे. पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान पेरू तरी मिळतो, असं ती एकदा आरशासमोर उभी राहून म्हणाली होती.

पण काल जे झालं, त्यापुढे सगळा राग विरला. तारकर्लीला पर्यटकांची बोट परत आणताना निलेशला डुलकी लागली आणि बोट जेटीवर आपटली. आठ माणसं होती, खरचटण्यावर निभावलं. आज जेवताना त्याचा घास हातातच राहिला. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. भावापाठोपाठ नवराही गमवायचा नव्हता प्राजक्ताला.

याआधी दोनदा दिलेलं दूध तो 'पितंय' म्हणून मागीलदारी घेऊन गेला होता. जास्वंदीच्या बुंध्याशी मुंग्या लागल्या तेव्हा तिला उमगलं. म्हणून आज ती पेला घेऊन त्याच्या समोरच बसली.

"पिया."

"उद्या पितंय. तू नीज."

"उद्या नको. माझी शपथ आसा तुमका."

"शपथ घालू नको गो."

"गुरूक दर्यान न्हेल्यान. आता तुमका हरवूचा नाय माका." एवढं बोलली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती हमसून हमसून रडली.

निलेश बघत राहिला. त्याचेही डोळे भरले. "रडलंस," तो म्हणाला. "बरा झाला. आता कदाचित..." पुढचं न बोलता त्याने पेला तोंडाला लावला आणि तळाचा गूळसुद्धा ठेवला नाही.

थोड्या वेळाने त्याची जीभ जड झाली. "प्राजू, तुका एक गोष्ट सांगूक व्हयी. लय दिवस..."

"सकाळी सांगा. आदी निजा."

"माझो हात सोडू नको," तो म्हणाला आणि त्याच्या पापण्या मिटल्या.

साडेआठला निलेश घोरू लागला. प्राजक्ताने चक्क हात जोडले.

मग त्याची झोप मोडू नये म्हणून तिने जे जे सुचलं ते केलं. मनगटावरची त्याची बोटं एकेक करून सोडवली. किल्ली त्याच्या कुशीत रुतत होती, ती काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. कूस बदलताना घुंगरं वाजतात, म्हणून पैंजण काढून उशीखाली ठेवले. त्याचा फोन बंद केला. कपाळावरून हात फिरवून दिवा मालवला. किती दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं! पडल्या पडल्या तिला झोप लागली.

जाग आली ती गारव्याने.

पांघरूण ओढायला तिने हात खाली नेला. हाताला पाणी लागलं. डोळे उघडले तर समोर नुसता काळोख, कमरेपर्यंत समुद्र, आणि पायांखालची वाळू सरकत होती. डाव्या मुठीत काहीतरी रुतत होतं. किल्ली होती.

"अवो!" ती ओरडली. "अवो, आयकतास काय?"

लाट छातीवर आली. मागे, माडांच्या पलीकडे, घराचं दार सताड उघडं होतं आणि निलेश गाढ झोपला होता.