शिंदीच्या दुकानामागची चिलटं

औशाची चिलटं दुपारपर्यंत नळीच्या तळाशी पडली. दोन्ही नळ्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेला सारखाच टीपकागद होता. दुसऱ्या नळीतली चिलटं हिमायतनगरची, याच अंगणात धरलेली. ती अजून काचेवरून वर चढत होती.

गावोगावच्या चिलटांत काय फरक पडतो, ते आरती लातूरच्या कॉलेजातून शोधत होती. केवळाबाईच्या अंगणाला शिंदीच्या दुकानाची मागची भिंत लागून होती. आंबलेला वास तिथून कधी हलत नसे.

केवळाबाई नळ्यांपाशी वाकली. "ही मेली, अन् ही जित्ती. जात येगळी हाय का?"

"नाही मावशी, जात एकच. पण इथल्यांच्या अंगातला दारू पचवणारा रस जास्त जोरकस आहे. जन्मापासूनच."

केवळाबाईने मागे पाहिलं. ओसरीवर तिचा मुलगा रामलिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोट फुगलेलं, पाय सुजलेले. दवाखान्यातून त्याला घरी न्यायला सांगितलं होतं.

"मंग त्यो रस जरासा काढून द्या की," ती हळूच म्हणाली. "सुईनं टोचता यील. म्या कुणाला सांगत न्हाई."

आरतीने नळीच्या तोंडाचा कापसाचा बोळा आत दाबला. "तसं होत नाही, मावशी."

"का होत न्हाई? ह्यो बी हितलाच हाय. ह्याच वासात वाढला."

"माय, मलाबी नळीत घालून राहिली का?" ओसरीवरून रामलिंग म्हणाला. हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"गप पड, मुडद्या," केवळाबाई म्हणाली, आणि जीभ चावली.

आरतीने नळ्या खाली ठेवल्या. "या चिलटांनाही हे एकदम नाही मिळालं. ज्यांना सोसलं नाही, ती मेली. जी उरली, त्यांची ही पोरं. अशा कितीतरी पिढ्या गेल्या."

केवळाबाईने मान वळवली. चुलीपाशी तिची सून भाकरी थापत होती. दिवस भरत आले होते, तिला वाकता येत नव्हतं.

"ह्याचा बाप गेला. आता ह्यो चालला." केवळाबाईने आवाज खाली आणला. "म्हंजी तिच्या पोटातल्याला सोसंल का, ताई?"

"ते पिणारच नाही, मावशी."

"ह्यो पोटात होता, तवा माझी सासूबी असंच म्हणली होती."