खात्रीची माणसं

असोद्याच्या केळीबागेच्या फाटकाशी बैलगाडी थांबली, तसा सुनंदाबाईनं मांडीवरच्या पोराच्या तोंडावर पदर नीट ओढून घेतला. ऊन फार होतं.

फाटकावर भडगावचा भटू काठी आडवी धरून उभा. आत झाडाखाली लोकल बोर्डाचे सभासद पत्ते कुटत बसलेले. त्यांत तिचे यजमान, पंडितराव. उद्या अध्यक्षाची निवड. ज्याच्या मागे डोकी जास्त, तो अध्यक्ष. मुंबईचं नवं प्रधानमंडळही त्याच हिशेबानं उभं होतं. कॉलेजात तिनं यावरच निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. डोकी अशी बागेत कोंडून ठेवावी लागतात, हे पुस्तकात नव्हतं.

"वहिनी, कोन्हाच निरोप मजार जावाना नै," आत जायची वाट अडवून भटू म्हणाला. "भाऊनीच सांगेल शे."

भाऊ म्हणजे पंडितरावच. परवा एका सभासदाला आई गेल्याचा निरोप आला. तो धावत घरी गेला, तर आई ओट्यावर गहू निवडत बसलेली, आणि दारात विरोधकांची मोटार. तो परत आलाच नाही. अध्यक्षपदासाठी ही डोकी बागेत जमवून बसलेल्या चुडामण आबांच्या बाजूला आता एकच मत जास्त उरलं होतं. तेव्हापासून कुणाचाही निरोप खरा धरायचा नाही, हा नियम पंडितरावांनीच घालून दिला.

काल तिनं गाडीवान उखर्डूबरोबर कळवलं, पोराचा ताप उतरत नाही. आज पहाटे कळवलं, असाल तसे या. दोन्ही वेळा उखर्डूनं एकच उत्तर आणलं. "भाऊ हसले. म्हणाले, खरं असंल तर पोराला घेऊन ये म्हणावं."

"म्हणून घेऊन आले," ती भटूला म्हणाली.

"आजारी शे का पोऱ्या?"

"सकाळपर्यंत होता."

तिनं पदर बाजूला केला. भटूच्या हातातली काठी गळाली.

पंडितराव आले तेव्हा त्यांच्या हातात अजून पानं होती. त्यांनी पोराच्या गालाला बोट लावलं आणि तिथंच मातीत बसले.

मागोमाग आबा आले. म्हणाले, "जा पंडित. बापाच्या हातची माती मिळायलाच पाहिजे त्याला." आणि वळून आतल्या दोघांना हाक मारली. "तुम्हीबी जा रे बरोबर. त्याला एकटं सोडू नका."

गाडी निघाली. पुढं सुनंदाबाई, पोर मांडीवर. मागं पंडितराव, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना ते दोघं. वाटेवरच्या विहिरीशी पाणी शेंदणाऱ्या बाया थांबल्या. एक म्हातारी हळहळली, "माय गे, लेकरू गेलं. पण मानसं तरी जिवाची भेटली बिचाऱ्याला."

सुनंदाबाईनं मागं वळून पाहिलं. पंडितराव ओंजळीत तोंड घालून रडत होते. उजवीकडच्याचा हात त्यांच्या पाठीवरून फिरत होता. डावीकडच्यानं त्यांच्या उपरण्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं होतं.