चौथी खेप

नवा फ्रॉक एका बाजूने वर चढला, तेव्हा शिंप्याला पाच वर्षांच्या लेकीचा वाकलेला कणा दिसला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. मणके आत्ताच सांधले तर एकाच ऑपरेशनात सुटका, पण पाठ वाढणार नाही, फुप्फुसं लहानच राहतील. नाहीतर पाठीत सळ्या घालायच्या आणि दर सहा महिन्यांनी पाठ उघडून लांबवायच्या. “एकदाच काय ते होऊ दे,” आई कळवळली, “किती वेळा चिरायचं पोरीला?” “आणि जन्मभर धाप लागली तर?” म्हणत शिंप्याने सळ्यांच्या कागदावर सही केली. तीनदा पोरीने रडून हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. चौथ्या वेळी नर्स सुई घेऊन आली आणि पोरीने मुकाट्याने हात पुढे केला. “शहाणी गं बाई!” नर्स म्हणाली. आई तोंड फिरवून खिडकीशी गेली. शिंप्याला वाटलं, पोरीने आत्ताच्या आत्ता भोकाड पसरावं.