केसभर अंतर

लेकीच्या टेबलावर धातूच्या दोन चकत्या होत्या, खालची पक्की बसवलेली आणि वरची तिला न टेकणारी. मधलं अंतर केसभर जरी बदललं, तरी त्यांच्यात साठणारी वीज बदलायची आणि मीटरवरचा आकडा हलायचा. ती वरची चकती स्टँडला अडकवणार, तोच बाबा म्हणाले, "दे, मी धरतो. घड्याळं दुरुस्त करणारा हात आहे हा, स्टँड काय धरेल असं!"

आकडा काही केल्या ठरेना. तिने पंखा बंद केला, खिडकी लावली. मग तिची नजर बाबांच्या बोटांवर गेली, ती तिने पटकन मीटरकडे वळवली.

"वायर सैल असणार, बाबा."

बाबांनी चकती स्टँडला अडकवली. आकडा जागच्या जागी थांबला.

"वायर ठणठणीत आहे गं. तुम्ही कुणी तोंडावर सांगेना, म्हणून म्हटलं, यालाच विचारावं."