डाव्या पायाचं माप

सुताराने फळीची दोन टोकं दोन दगडांवर टेकवली आणि स्वतः मधोमध उभा राहिला. फळी दोन बोटं वाकली. तो उतरला तशी पुन्हा होती तशी झाली.

"मोडायची असेल तर इथेच मोडू दे," तो म्हणाला.

"पहिलीसुद्धा मोडली नव्हतीच की," ताई म्हणाली. ती वाळूत बसून पतंगाच्या दोऱ्या सोडवत होती. "दरवाजा होता तो. बिजागऱ्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या."

तो ओशाळून हसला. पहिली फळी त्याने हाताच्या सवयीने जाड केली होती. ताई तिच्यावर उड्या मारून दमली, पण ती काही वाकली नाही. ही दुसरी त्याने तीन पातळ प्लाय एकावर एक चिकटवून, साच्यावर वाकवून, आठवडाभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवली होती. वर पाय अडकवायला दोन पट्टे. मोठ्या पतंगाने ओढायचं आणि फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचं, असा तो खेळ. दुकानातल्या फळ्यांवर दोन्ही पट्टे सारखे असतात. ताईचे पाय आता सारखे नव्हते. अपघातानंतर डावा घोटा वाकत नव्हता. मोटरसायकल सुतार चालवत होता. अपघाताला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून ताई पाण्यावर गेली नव्हती.

पतंग कसा धरायचा आणि कधी सोडायचा, हे तिने त्याला दोनदा सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. कुठलीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"मी हात वर केला की सोड. ढकलू नकोस, नुसता सोड."

त्याने नुसता सोडला. खोलीभर कापड फडफडत वर गेलं आणि आभाळात जाऊन शांत झालं. ताई लंगडत पाण्यात शिरली, खाली बसून तिने पाय पट्ट्यांत घातले.

पहिल्यांदा ती उठता उठता पडली. दुसऱ्यांदाही पडली. सुताराला पोहता येत नव्हतं. तो गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा पतंग खाली झेपावला, ताई उठली आणि चालू लागली. चालू कसली, सुटलीच. फळीमागे पांढरी रेघ ओढत ती शंभरेक हात सरळ गेली. फळी लाटांवर वाकत होती, सावरत होती. तो श्वास घ्यायचा विसरला होता.

मग तिचा डावा पाय पट्ट्यातून निसटला. ती कुशीवर आपटली, पतंग पाण्यावर बसला. सुताराने पुढे पावलं टाकली. थांबला तेव्हा पाणी कमरेच्या वर आलं होतं. दूरवर ताईचं डोकं दिसलं, मग हात. ठीक आहे, असं तो हात सांगत होता. तिने सावकाश दोऱ्या गुंडाळल्या, पतंग शिडासारखा धरला आणि त्याच्या आधाराने वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागली, बरीच पुढे. सुतार वाळूतून धावत तिकडे गेला. फळी आधीच येऊन पडली होती. तिला त्याने बाजूला सारलं.

"लागलं का?"

"नाही रे. फळी झकास झालीय," ताई धापा टाकत म्हणाली. "पट्टा चुकलाय."

"माप बरोबर घेतलं होतं."

"चपलेचं घेतलं होतंस. तुला म्हटलं होतं, घरी येऊन पायाचं घे."

दवाखान्यात तो रोज डबा घेऊन जायचा, उशाशी बसायचा, तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्पा मारायचा. पुढे घरीसुद्धा ती पायाला तेल लावायला बसली की हा पाणी प्यायला उठायचा.

ताईने पाण्यात घालायचा मोजा पायातून ओढून काढला. सुतार समुद्राकडे बघत राहिला.

"गिऱ्हाइकाने चौकटीचं माप सांगितलं तर तू त्यावर दरवाजा करतोस?" तिने विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"स्वतः जाऊन घ्यावं लागतं. लोकांना नीट मापता येत नाही."

"मग घे की."

तिने फळी जवळ ओढली आणि पाय त्यावर ठेवला.

त्याने शर्टाच्या बाहीने फळी कोरडी केली आणि गुडघ्यांवर बसला. घोट्यापासून करंगळीपर्यंत एक जाड वण गेला होता. दोन बोटं आत वळलेली. सगळं पाऊलच जरा बाहेर कललेलं. चपलेच्या मापात यातलं काही आलं नव्हतं. त्याने टाच डाव्या हातात धरली. ती गार होती, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी.

कानामागची पेन्सिल काढून तो कडेने रेघ मारू लागला. टाच झाली, कड झाली. वणापाशी त्याचा हात थांबला.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत."

त्याने वर पाहिलं. ताई ओठ दाबून बसली होती. त्याने पेन्सिल पुन्हा टेकवली तशी ती हसलीच, पाय हलला आणि रेघ भलतीकडे गेली.

"हलू नकोस ना, ताई."

"नाही हलत."

त्याने रेघ अंगठ्याने पुसली आणि टाचेपासून पुन्हा सुरुवात केली.